एक्कावन्न टक्क्यांचा दाखला

आपल्या उद्योजक मंचाची सदस्यसूची चाळली तर बऱ्याच कंपन्यांच्या नावापुढे ‘एमबीई’ ही अक्षरे दिसतात. मायनॉरिटी बिझनेस एंटरप्राइझ, म्हणजे अल्पसंख्याकाच्या मालकीचा व्यवसाय. आपल्यापैकी कुणी न्यू जर्सीत कंपन्यांना सॉफ्टवेअर इंजिनिअर पुरवतो, कुणी मिशिगनमध्ये मोटारींचे सुटे भाग बनवतो, कुणी टेक्ससमध्ये खोकी छापून देतो. मोठ्या कंपन्यांच्या खरेदी खात्याचे दार या सगळ्यांसाठी या तीन अक्षरांनी किलकिले केले. हा दाखला देणारी संस्था म्हणजे नॅशनल मायनॉरिटी सप्लायर डेव्हलपमेंट कौन्सिल. अर्ज, फी आणि नूतनीकरणाची तारीख यापलीकडे तिच्याविषयी आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. म्हणून तिचा इतिहास या स्मरणिकेत यावा असा आग्रह मी संपादक मंडळाकडे धरला. कारण सरळ आहे. ही संस्था आपल्यासाठी उभी राहिलेली नव्हती. तिच्यामागच्या चळवळीत ज्यांनी मार खाल्ला, तुरुंग पाहिला, ती माणसे वेगळी होती. आपण मागून आलो आणि त्यांच्या रांगेत उभे राहिलो.

हा इतिहास शिकागोतल्या किराणा दुकानांपासून सांगायला हवा. १९६६ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेने तिथे ‘ऑपरेशन ब्रेडबास्केट’ सुरू केले आणि ते पंचविशीही न गाठलेल्या जेसी जॅक्सन यांच्याकडे सोपवले. पद्धत साधी होती. पाद्र्यांचे शिष्टमंडळ एखाद्या डेअरीकडे किंवा सुपरमार्केटच्या साखळीकडे जाई आणि तुमच्याकडे कृष्णवर्णीय नोकर किती, कोणत्या जागांवर, याचे आकडे मागे. आकडे मिळाले नाहीत किंवा बोलणी फिसकटली, तर रविवारी चर्चमधून सांगितले जाई की या दुकानाची पायरी चढू नका. दूध-भाजी विकणाऱ्याला असा बहिष्कार फार दिवस सोसत नाही.

आधी मागणी नोकऱ्यांची होती. मग चळवळीचे लक्ष दुकानाच्या फळीकडे गेले. वस्तीतले गिऱ्हाईक सगळे कृष्णवर्णीय, पण कृष्णवर्णीयाच्या कारखान्यातला माल फळीवर जवळपास नाहीच. कचरा उचलणारा ठेकेदार बाहेरचा, उंदीर-झुरळे मारणारा बाहेरचा, दिवसाचा गल्ला जमा होतो ती बँकही बाहेरची. त्यामुळे करारांत नवी कलमे आली: जो लुई दूध, पार्कर हाऊस सॉसेज, मम्बो सॉस असा कृष्णवर्णीय उत्पादकांचा माल दर्शनी जागी ठेवायचा, कचऱ्याचा आणि कीडनियंत्रणाचा ठेका वस्तीतल्या माणसाला द्यायचा, खाते त्यांच्या बँकेत उघडायचे. ए अँड पी या बलाढ्य साखळीनेही १९६८ साली अशा करारावर सही केली. सरकारी आदेशांची जंत्री देणारे इतिहास या पर्वाकडे ओझरते पाहतात. मला मात्र कौन्सिलचे बीज इथेच दिसते. नोकरी मागणाऱ्या माणसांनी इथे पहिल्यांदा कंपनीला विचारले की तुम्ही खरेदी कुणाकडून करता.

कंपन्यांना हा प्रश्न गांभीर्याने घ्यायला लावला तो १९६७ च्या उन्हाळ्याने. जुलैमध्ये डेट्रॉईट पेटले, ४३ माणसे मेली, मोटारी बनवणाऱ्या शहरात लष्कर उतरले. पुढच्या वर्षी केर्नर आयोगाचा अहवाल आला आणि दंगलींचे मूळ वस्त्यांमधल्या दारिद्र्यात आणि वर्णभेदात आहे, हे सरकारने नेमलेल्या माणसांनीच लिहून दिले. भीतीपोटी म्हणा, जाग येऊन म्हणा, मोठ्या कंपन्यांचे धनी विचार करू लागले. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये १९६४ च्या दंगलीनंतर उभ्या राहिलेल्या ‘फाइट’ या संघटनेने झेरॉक्सच्या पाठबळावर १९६८ मध्ये ‘फाइटऑन’ नावाचा कारखाना काढला. तिथे बनलेले सुटे भाग झेरॉक्सने घ्यायचे असे ठरले होते. देणगीऐवजी ऑर्डर मिळाली, हे या प्रयोगाचे मोल.

त्याच वर्षीच्या निवडणुकीत रिचर्ड निक्सन यांनी कृष्णवर्णीयांना भांडवलशाहीत भागीदारी देण्याची भाषा केली. त्यात मतांचा हिशेब होता आणि दंगली शांत व्हाव्यात ही इच्छाही होती. पण ५ मार्च १९६९ च्या अध्यक्षीय आदेशाने वाणिज्य खात्यात अल्पसंख्याक उद्योगांसाठी वेगळे कार्यालय उघडले गेले, ही घटना मोठी आहे. अल्पसंख्याकांच्या मालकीच्या व्यवसायांची पहिली सरकारी मोजणीही १९६९ सालचीच. तीत कृष्णवर्णीयांचे व्यवसाय सुमारे १ लाख ६३ हजार भरले आणि त्या सगळ्यांची मिळून वर्षाची उलाढाल साडेचार अब्ज डॉलरच्या आसपास. म्हणजे एका व्यवसायामागे सरासरी अठ्ठावीस हजार डॉलरसुद्धा नाहीत. केशकर्तनालये, खानावळी, छोटी किराणा दुकाने यांचाच त्यात भरणा. जनरल मोटर्सला माल पुरवील असा कारखाना शोधायचा तर बोटांवर मोजण्याइतके सापडायचे.

या पार्श्वभूमीवर १९७२ मध्ये ‘नॅशनल मायनॉरिटी पर्चेसिंग कौन्सिल’ स्थापन झाली. आजचे नाव नंतरचे. रचना सुरुवातीपासून खासगी क्षेत्राची होती: सदस्य मोठ्या कंपन्या, वर्गणी त्यांची, आणि शहराशहरांतल्या प्रादेशिक परिषदा पुरवठादारांच्या संपर्कात. सरकारने दिशा दाखवली तरी गाडा ओढायचा होता तो कंपन्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांनी. हे खरेदी अधिकारी वाईट नव्हते. त्यांना वर्षानुवर्षांचे व्हेंडर ठाऊक होते, त्यांच्याबरोबर ते गोल्फ खेळत, त्यांच्या मालाचा दर्जा आणि वेळ पाळण्याची सवय त्यांना माहीत होती. नव्या माणसाकडून माल घ्यायचा आणि लाइन बंद पडली तर जबाबदार कोण? दुसऱ्या बाजूला कृष्णवर्णीय कारखानदाराला पर्चेस खात्यात कुणाला भेटायचे हेच ठाऊक नसे. वशिला नाही, ओळख नाही, कॉलेजातला दोस्त तिथे नोकरीला नाही. कौन्सिलचे पहिले काम या दोघांना एका टेबलाशी आणून बसवण्याचे होते, आणि आजही तिचे मुख्य काम तेच आहे.

कायद्याचे बळ १९७८ मध्ये मिळाले. त्या वर्षीच्या ९५-५०७ क्रमांकाच्या कायद्याने पाच लाख डॉलरवरचे सरकारी कंत्राट (बांधकामात दहा लाखांवरचे) घेणाऱ्या मोठ्या कंपनीवर बंधन घातले: पोटकंत्राटांतला किती वाटा वंचित गटांच्या छोट्या व्यवसायांना देणार, हे आधी लिहून द्यायचे. आता बायरला अल्पसंख्याक पुरवठादार ‘हवे’ होते. आणि जिथे मागणी निर्माण होते तिथे खोटा माल येतोच. कुणी आपल्या फोरमनच्या नावे कंपनी काढली, कुणी मूळ कंपनीच्याच आवारात वेगळी पाटी लावून तिथूनच बिले फाडली. बेनामी जमिनीचे व्यवहार पाहिलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. अशी एक जरी कंपनी यादीत शिरली तरी खऱ्या पुरवठादाराची ऑर्डर जाते, आणि वर साऱ्या योजनेची बदनामी होते. म्हणून मालकी तपासून दाखला देण्याचे काम कौन्सिलच्या कामाचा कणा बनले.

नियम वाचायला छोटा आहे. कंपनी नफ्यासाठी चालणारी, अमेरिकेत असलेली. तिची किमान ५१ टक्के मालकी कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, मूळनिवासी किंवा आशियाई वंशाच्या अमेरिकी नागरिकाची. आणि रोजचा कारभार व शेवटचा शब्द त्याच माणसाचा. ५१ हा आकडा कागदावर सिद्ध करणे सोपे असते. कस लागतो तो कारभार आणि शेवटचा शब्द सिद्ध करताना.

अशा एका तपासणीच्या वेळी मी मिशिगनमधल्या एका परिचिताच्या मशीन शॉपमध्ये हजर होतो. परिषदेची तपासनीस मध्यमवयीन कृष्णवर्णीय बाई होती. जन्मदाखला, पासपोर्ट, शेअर रजिस्टर, तीन वर्षांची कर विवरणपत्रे तिने आधीच मागवून घेतली होती. त्या दिवशी तिला शॉप फ्लोअर पाहायचा होता. सीएनसीपाशी उभी राहून तिने विचारले, हे मशीन घ्यायचे कुणी ठरवले? कर्जाला जामीन कोण आहे? कोटेशनचा दर कोण काढतो, आणि दर कमी करायचा असेल तर कुणाला विचारता? जागा भाड्याची असेल तर घरमालक कोण? बँकेत सही कुणाची चालते? मग ती दोन कामगारांशी एकटीच बोलली. त्यांना तिने एवढेच विचारले की उद्या पगारवाढ मागायची झाली तर कुणाच्या केबिनमध्ये जाल. दाखला सहजासहजी मिळाला नाही. भागीदार गोरा होता, त्याचे ४९ टक्के होते, पण कंपनीच्या नियमावलीत एक ओळ होती: पन्नास हजार डॉलरवरच्या कोणत्याही खर्चाला दोन्ही भागीदारांची संमती लागेल. बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवले. ४९ टक्केवाला ‘नाही’ म्हणून व्यवहार अडवू शकत असेल, तर ५१ टक्क्यांना अर्थ काय? वकिलाकडून ती ओळ बदलून आणल्यावर दाखला मिळाला, आणि पुढे दरवर्षी त्याचे नूतनीकरण. आपले सदस्य या कागदपत्रांना कंटाळतात हे मला माहीत आहे. मला स्वतःला त्या बाईंच्या काटेकोरपणाविषयी आदरच वाटला. तिने ढिलाई केली असती तर आपल्या दाखल्याची किंमत बाजारात शून्य झाली असती.

आता आपला प्रश्न. आपण या यादीत आलो कसे?

१९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने भारतीयांसाठी अमेरिकेचे दार उघडले, आणि तो कायदा नागरी हक्क चळवळीच्या लाटेतच मंजूर झाला. आलेले लोक डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक. १९७० च्या जनगणनेत भारतीयांची गणती गोऱ्यांमध्ये झाली. पुढे ‘असोसिएशन ऑफ इंडियन्स इन अमेरिका’ने वेगळ्या नोंदीची मागणी लावून धरली. तिला विरोध करणारेही भारतीयच होते. शिकागोतल्या एका संघटनेचे म्हणणे होते की आपण काही पिढ्यान्‌पिढ्या पिचलेले लोक नाही, अल्पसंख्याकांच्या सवलती मागून आपण इतरांचा रोष ओढवून घेऊ. दोन्ही बाजूंचे लोक प्रामाणिक होते. १९७७ च्या केंद्रीय निर्देशाने भारतीय उपखंडातल्या लोकांना आशियाई गटात धरले, १९८० च्या जनगणनेत ‘एशियन इंडियन’ हा रकाना आला, आणि १९८२ मध्ये स्मॉल बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशनने भारतीय वंशाच्या लोकांना वंचित गटांत सामावून घेतले. कौन्सिलच्या व्याख्येतही भारत, पाकिस्तान, बांगलादेश येथून आलेले नागरिक ‘एशियन-इंडियन’ म्हणून बसतात.

त्या शिकागोकरांची शंका मला आजही पोकळ वाटत नाही. गोऱ्या बायरने आपल्याला उच्चारांवरून डावलले, परदेशी म्हणून संशय घेतला, बँकेने ‘क्रेडिट हिस्टरी नाही’ म्हणून परत पाठवले, हे सारे खरे आहे. पण आपल्या हाती पदवी होती, मागे शिकलेले घर होते. ज्याच्या आजोबाला विशिष्ट मोहल्ल्याबाहेर घर घेता आले नाही, त्यामुळे ज्याच्या बापाकडे तारण ठेवायला घरच नव्हते, अशा कृष्णवर्णीय कारखानदाराची गोष्ट वेगळी आहे. एकाच दाखल्याखाली आपण दोघे येतो, आणि कधी एकाच ऑर्डरसाठी आमनेसामने उभे राहतो. हे अवघडलेपण आपण मान्य करायला हवे.

१९८८ मध्ये संस्थेची सूत्रे हॅरिएट मिशेल यांच्याकडे आली. त्याआधी त्या न्यूयॉर्क अर्बन लीगच्या प्रमुख होत्या. कौन्सिलच्या अध्यक्षपदी त्या २०१० पर्यंत राहिल्या. आजची कौन्सिल पुष्कळ अंशी त्यांनी घडवलेली आहे. त्या आल्या त्याच्या पुढच्याच वर्षी, जानेवारी १९८९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने रिचमंड शहराचा नियम रद्द केला. पालिकेच्या बांधकाम कंत्राटातला ३० टक्के वाटा अल्पसंख्याकांच्या कंपन्यांना द्यावा असा तो नियम होता. गावोगावच्या सरकारी योजना हादरल्या. खासगी कंपन्यांच्या खरेदीला मात्र या निकालाने थेट हात लावला नाही. त्यामुळे कौन्सिलचे महत्त्व वाढले आणि पटवून देण्याची भाषाही बदलली. न्यायाबरोबर आता धंद्याचे गणित मांडले जाऊ लागले: तुमचे गिऱ्हाईक कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक आहे, मग ज्या वस्तीत तुम्ही मोटार आणि साबण विकता तिथल्या माणसाच्या हाती पैसा खेळू द्या.

या काळातली एक गोष्ट आपल्या सदस्यांना नेमकी कळेल, ती उधारीची. मोठ्या कंपनीची ऑर्डर मिळाली की घरी पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या आठवड्यात झोप उडते. कच्चा माल रोखीने, पगार दर पंधरवड्याला, आणि कंपनीचे पेमेंट साठ नाहीतर नव्वद दिवसांनी. खेळते भांडवल नसेल तर मोठी ऑर्डरच धंदा बुडवते. हे ओळखून कौन्सिलने १९८७ मध्येच ‘बिझनेस कन्सॉर्शियम फंड’ काढला होता. दाखला असलेल्या पुरवठादाराला हातातल्या कंत्राटाच्या आधारावर कर्ज मिळावे हा त्याचा हेतू. माझ्या दृष्टीने संस्थेच्या साऱ्या कामांत हे सर्वांत कमी गाजलेले आणि सर्वांत उपयोगी पडलेले काम. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या केलॉग संस्थेबरोबर चालवलेला व्यवस्थापनाचा अभ्यासक्रमही याच जातीचा. पन्नास माणसांचा कारखाना दोनशे माणसांचा होताना मालकाची कुठे तारांबळ उडते, ते तिथे शिकवले जाते.

नव्वदच्या दशकात आणखी एक संकट आले. मोठ्या कंपन्यांनी पुरवठादारांची संख्या कापायला सुरुवात केली. शंभर जणांकडून घेण्याऐवजी दहा जणांकडून, पण त्या दहांनी देशभर माल पोचवायचा. छोटा अल्पसंख्याक पुरवठादार पहिल्या फळीतून घसरून दुसऱ्या फळीत गेला, म्हणजे तो आता फोर्डला नाही, तर फोर्डच्या पुरवठादाराला माल देऊ लागला. तग धरायचा तर मोठे व्हायला हवे, त्यासाठी बाहेरचे भांडवल हवे, आणि भांडवल घेतले की मालकी ५१ च्या खाली जाते. यावर कौन्सिलने २००० साली तोडगा काढला. गुंतवणूकदार संस्था आल्यास अल्पसंख्याकाचा भागभांडवलातला वाटा ३० टक्क्यांपर्यंत खाली गेला तरी चालेल, मात्र मतांचा आणि कारभाराचा ताबा त्याच्याकडेच हवा. यावरून मोठे वादळ उठले. कृष्णवर्णीय उद्योजकांतल्या अनेकांना वाटले की वर्षानुवर्षे जपलेला दरवाजा संस्थेने स्वतःच्या हाताने उघडा टाकला. गोरा पैसा मागच्या दाराने येईल आणि पुढे नावाला एक चेहरा राहील. मला त्यांची भीती समजते, पण निर्णय योग्य होता असे माझे मत आहे. भांडवलाशिवाय राहिलेली शुद्ध मालकी त्या कारखान्यांना टिकवू शकली नसती.

संस्थेचे अनुकरण इतर देशांतही झाले. कॅनडात २००४ मध्ये, ब्रिटनमध्ये २००६ मध्ये, ऑस्ट्रेलियात मूळनिवासींसाठी २००९ मध्ये अशाच परिषदा निघाल्या. भारतातला धागा आपल्या अधिक जवळचा आहे. जानेवारी २००२ मध्ये भोपाळला दिग्विजय सिंह सरकारच्या पुढाकाराने दलित विचारवंतांची परिषद भरली. तिच्या जाहीरनाम्यात अमेरिकेच्या धर्तीवर सरकारी आणि खासगी खरेदीत दलित-आदिवासींना वाटा मिळावा ही मागणी होती, आणि तिचा पाठपुरावा करणाऱ्यांत दलित विचारवंत चंद्रभान प्रसाद पुढे होते. तीन वर्षांनी, २००५ मध्ये, पुण्यात मिलिंद कांबळे यांनी ‘दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री’ची, म्हणजे ‘डिक्की’ची, स्थापना केली. डिक्कीने प्रदर्शने भरवली, मोठ्या उद्योगसमूहांच्या खरेदीप्रमुखांना दलित कारखानदारांच्या टेबलाशी आणले. २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणात सूक्ष्म व लघु उद्योगांच्या वाट्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के राखले गेले. प्रत्यक्ष खरेदी त्या ४ टक्क्यांच्या बरीच खाली राहिली आहे. शिकागोतल्या किराणा दुकानाच्या फळीवरून निघालेला प्रश्न पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांपर्यंत पोचला, याचा मराठी माणूस म्हणून मला अभिमान वाटतो. डॉ. आंबेडकरांचा मुंबईतला समभागांचा व्यवसाय, सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइकांनी पाठ फिरवल्याने बंद पडला होता, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या प्रवासाचे मोल वेगळे सांगायला नको.

अलीकडची वर्षे कठीण आहेत. २०२० मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइडची हत्या झाल्यानंतर कंपन्यांनी अल्पसंख्याकांकडून खरेदी वाढवण्याच्या मोठ्या घोषणा केल्या. १९६९ च्या त्या सरकारी कार्यालयाला २०२१ मध्ये कायद्याने कायमचा दर्जा मिळाला. मग वारे फिरले. २०२३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार रद्द केला, जुलैमध्ये टेनेसीतल्या न्यायालयाने सरकारी कंत्राटांतले वंशाधारित गृहीतक मोडले, मार्च २०२४ मध्ये टेक्ससमधल्या न्यायालयाने त्या कार्यालयालाही तोच नियम लावला. मला सर्वांत अधिक दुःख झाले ते अटलांटातल्या फिअरलेस फंडच्या खटल्याने. गुलामीतून सुटलेल्यांना करार करण्याचा समान हक्क मिळावा म्हणून १८६६ मध्ये झालेल्या कायद्याच्या आधारे, कृष्णवर्णीय महिला उद्योजकांसाठीचे या फंडाचे अनुदान जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने थांबवले. २०२५ च्या जानेवारीत आणि मार्चमध्ये निघालेल्या अध्यक्षीय आदेशांनी आधी सरकारी कंत्राटदारांच्या अशा कार्यक्रमांवर आणि मग त्या सरकारी कार्यालयावरच घाव घातला.

त्यानंतर आपले सदस्य विचारत आहेत की दाखल्याचे नूतनीकरण करावे की नाही. माझे उत्तर ‘करावे’ असे आहे. दाखल्याने ऑर्डर मिळते असे कौन्सिलने कधीच सांगितले नाही. तिने मिळवून दिली ती बायरसमोरची दहा मिनिटे; त्यात तुमची क्षमता, दर्जाचे आयएटीएफ प्रमाणपत्र, विमा आणि दर यांवरच निकाल लागत आला आहे. प्रादेशिक परिषदांमधल्या ओळखी आणि शिकवणी कोणत्याही रकान्यावर अवलंबून नाहीत.

आणखी एक गोष्ट. आपल्यातल्या काही कंपन्या आता पहिल्या फळीत आहेत, त्यांचे स्वतःचे पर्चेस खाते आहे. यंदाच्या अधिवेशनात आपण खरेदीदारांची टेबले मांडतो आहोत. तिथे मोठ्या कंपन्यांच्या बायरबरोबर आपले सदस्यही खरेदीदार म्हणून बसतील, आणि डेट्रॉईट व शिकागोच्या परिषदांकडून दाखला मिळालेल्या कृष्णवर्णीय पुरवठादारांना आपण कोटेशन घेऊन यायचे निमंत्रण दिले आहे. ज्या सदस्यांना स्टॅम्पिंग, पॅकेजिंग, मालवाहतूक किंवा साफसफाईचे ठेके द्यायचे आहेत, त्यांनी आपल्या गरजा कार्यालयाकडे आधी कळवाव्यात.